ओळखीचं वजन

काटेकाकांना वाण्याकडे एकटं पाठवायचं नाही, असा काकूंचा सक्त नियम होता. अर्धा किलो साखर आणायला गेलेले काका दीड तासाने परत यायचे, साखर दुकानातच विसरून यायचे, आणि पुढचे दोन दिवस वाणी काकूंशी लिंबू चावल्यासारखं तोंड करून बोलायचा. कारण एकच. दुकानात शिरल्यावर बाकीची माणसं माल बघतात, भाव बघतात, ओळखीचं कोणी दिसतंय का बघतात. काका काटा बघायचे. मान किंचित तिरकी करून त्याच्या नजरेला नजर भिडवायचे आणि अगदी हळू आवाजात विचारायचे, "हे पारडं शेवटचं कधी पुसलं होतं?" तेवढ्याने गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू व्हायची आणि वाण्याच्या कपाळावर घाम यायचा.

तशी ही खोड नव्हती, अंगात मुरलेली नोकरी होती. वजनमापांच्या कचेरीत काकांनी सदतीस वर्षं काटे तपासले. सोनाराच्या काचेच्या पेटीतल्या, श्वास लागला तरी दचकणाऱ्या काट्यापासून ते अख्खा ट्रक अंगावर घेणाऱ्या भुईकाट्यापर्यंत सगळ्यांची नाडी त्यांनी धरली होती. खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक; बाकी सगळ्यांचे ते काटेकाका. 'काटेकोर' हा शब्द काकांवरून आला की काका त्या शब्दावरून, यावर कचेरीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. वजनांची जड पेटी सदतीस वर्षं डाव्या हातातून वाहिल्यामुळे त्यांचा डावा खांदा बोटभर खाली गेला होता. सहकारी म्हणायचे, साहेबांच्या उजव्या खिशात पासंग टाकायला हवा.

पासंग म्हणजे काय, हे हल्लीच्या मंडळींना सांगावं लागतं. तराजूचं एक पारडं जरा हलकं असलं, की त्याच्या बुडाला शिशाचा तुकडा किंवा लाखेचा गोळा लावून दोन्ही बाजू सारख्या करतात. तो पासंग. सरळ माणसाच्या हातात तो उपाय असतो, वाकड्याच्या हातात धंदा. काकांच्या आयुष्यातला सगळ्यात प्रसिद्ध पासंग हा एक नट होता, आणि तो निघाला काकूंच्या सख्ख्या भावाच्या दुकानात, पारड्याच्या खाली, नीट चिकटवलेला. मेहुण्याने काकांना आत बोलावून घेतलं, पाणी दिलं, खालच्या आवाजात बरंच काही सांगितलं. काका पाणी प्यायले, बाहेर आले आणि भर गिऱ्हाइकांत लाल खडूने त्या काट्यावर फुली मारली. फुली म्हणजे काटा नापास. मेहुण्याने पुढे नऊ वर्षं बहिणीच्या घरात पाऊल टाकलं नाही. काकूंनी त्या दिवशी भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. फक्त जेवायला वाढताना त्यांनी विचारलं, "भात किती ग्रॅम वाढू?"

हे काकांचं मोठेपण म्हणावं की आडमुठेपण, ते ज्याच्या त्याच्या पारड्यावर अवलंबून. पण एक खरं. दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. पहिला: आधी पारडं पुसायचं, त्यात वजनाशिवाय कणभर काही राहता कामा नये. दुसरा: आधी ओळखीचं वजन, मग अनोळखी. म्हणजे आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं वजन ठेवून काटा खरं बोलतो का बघायचं, आणि मगच त्याला नवं काही विचारायचं. माणसांच्या बाबतीतही हाच नियम लावावा, असं ते लेकीला लहानपणी सांगायचे.

लेकीला ते 'ठिणगी' म्हणत. जन्मल्या दिवसापासून तिचा आवाज आणि नंतर तिचे उद्योग पाहता दुसरं नाव शोभलं नसतं. ठिणगी आता चौतिशीची होती. रंगाच्या कारखान्यातल्या तपासणी विभागात आठवडाभर डबे हुंगायची, आणि रविवारी 'हौशी अग्निबाण मंडळ' नावाच्या एका मंडळात बाण उडवायची. मंडळाचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशीच बोलायची सवय असल्यामुळे आपल्याला कोणी उलट उत्तर देईल, हे त्यांच्या ध्यानातच नसे. दुसरे लेथमास्तर, स्वतःचं छोटं वर्कशॉप, बोटं वहाणांच्या तळव्यासारखी, पण केसाच्या जाडीइतकं कापतील. बाकी पाच-सहा सभासद बाण उडताना हजर असत आणि खड्डे खणताना आजारी पडत.

तर या मंडळाने दोन वर्षं खपून एक नवं इंजिन बनवलं होतं. इंजिन म्हणजे हातभर लांबीची धातूची नळी. आत इंधन ठासलेलं, एक टोक बूच लावून बंद, दुसऱ्या टोकाला तोटी. आग तोटीतून बाहेर पडते आणि नळीला उलट्या बाजूला ढकलते. किती जोराने ढकलते, हे उडवण्याआधी मोजावं लागतं. हे मोजण्यासाठी मंडळाकडे काय होतं, तर ठिणगीच्या न्हाणीघरातला, वर उभं राहून स्वतःचं वजन बघायचा काटा.

काका तेव्हा निवृत्त होऊन एक वर्ष झालं होतं. त्या वर्षात त्यांचं घरातलं सगळं तोलून झालं होतं. वर्तमानपत्र रविवारी किती जड असतं, काकूंची डाव्या आणि उजव्या हातातली बांगडी सारखी आहे का, इथपर्यंत मजल गेली होती. त्यामुळे तो न्हाणीघरातला काटा एका बाजूला काळवंडून घरी आला, तेव्हा काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याच्यावर तुम्ही भरवसा ठेवता? याला आठवड्यातून दोन किलोचा मूड असतो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांनी आखणी सुरू केली. चार महिने त्या शेडमधून कानशीचा आवाज थांबला नाही. काकू म्हणायच्या की नोकरीत असताना हे निदान दहा ते पाच घराबाहेर असायचे.

त्यांनी जे बनवलं त्याला लेथमास्तरांनी नाव दिलं 'घोडा', कारण कारखान्यात ज्याच्यावर जड वस्तू टेकवून काम करतात त्याला घोडाच म्हणतात. चार लोखंडी पाय, मधे एक पाट. पाटावर इंजिन तोंड वर करून उभं करायचं, म्हणजे आग आभाळाकडे आणि जोर खाली पाटाकडे. पाट दबला की खालची दांडी हलणार, दांडी स्प्रिंगला ताणणार, आणि ताटाएवढ्या तबकडीवर काटा फिरणार. दांडीचा टेकू जुन्या तराजूचा होता, सुरीसारख्या धारेचा. तो काकांनी भंगारवाल्याकडून तीन चकरा मारून आणला होता. काटा भलत्या वेगाने थडथडू नये म्हणून त्याच्या शेपटीला एक छोटा दट्ट्या जोडून तो तेलाच्या डबीत बुडवला होता. तबकडीवरच्या रेघा काकांनी स्वतः ओढल्या, एकेक किलोची वजनं ठेवून, पन्नासपर्यंत. दंतवैद्यांनी एकदा भीत भीत सुचवलं, की हल्ली छोटी विजेची यंत्रं मिळतात, थेट आकडाच दाखवतात. काकांनी विचारलं, "त्यात हलतं काय?" काही हलत नाही, असं उत्तर आल्यावर ते म्हणाले, "मग ते खोटं बोलताना दिसणार कसं?" दंतवैद्यांना आयुष्यात प्रथमच तोंड उघडं ठेवून गप्प बसावं लागलं.

ठिणगीला इंजिनाच्या आतला दाबही मोजायचा होता. त्यासाठी बुचातून तांब्याची एक बारीक, ताठ नळी काढायची, तिच्यात तेल भरायचं, आणि दुसरं टोक घोड्याच्या पायावर घट्ट बसवलेल्या दाबाच्या गेजला जोडायचं, असं ठरलं. गेज दुकानातून आणलेला होता. काकांनी त्याच्याकडे, लग्नाला न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि काचेवर टिचकी मारली.

पहिली चाचणी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत झाली. वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यामागे मंडळ, आणि घोड्यासमोर तिकाटण्यावर तबकडीकडे तोंड करून बसवलेला दंतवैद्यांचा मोबाइल, चित्रण करायला. काकांनी आपले दोन्ही नियम पाळले. पाटावर तांब्याची नळी आडवी आली होती, ती त्यांनी सोडवून बाजूला ठेवली. वजनाशिवाय पारड्यात काही नको. पाट पुसला. वीस किलोचं ओळखीचं वजन ठेवलं. काटा विसावर जाऊन असा थांबला, की जणू तिथेच त्याचं सासर होतं. लेथमास्तरांनी मान डोलावली. मग ठिणगीने नळी पुन्हा जोडली, तेल भरलं, बुडबुडे काढता काढता दीड तास घालवला. नळी जोडल्यावर काटा शून्यापासून एक घर सरकला. काकांनी स्क्रू फिरवून त्याला परत शून्यावर आणलं आणि हात झटकले.

इथेच माशी शिंकली होती. पण ती शिंक तेव्हा कोणालाच ऐकू आली नाही.

इंजिन तीन सेकंद जळलं. खाणीतले पारवे उडाले, दगडांच्या भिंतींनी तो आवाज एकमेकींना दोनदा सांगितला, आणि काकांच्या काट्याने सांगितलं: अडतीस. बाण त्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या रुळावरून सरळ सुटायला निदान चाळीस किलोचा जोर हवा होता. ठिणगीच्या हिशेबाने बेचाळीस यायला हवा होता. गेजनेही बेचाळिसाला शोभेल एवढाच दाब दाखवला होता.

"बाबा, गेज आणि तुमचा काटा, दोघांतला एक खोटं बोलतोय," ठिणगी म्हणाली.

"गेज बाजारातला आहे," काका म्हणाले. "काटा माझा आहे."

ठिणगी बापाकडे बघत राहिली. आवाज चढवणं हा तिचा हक्क होता, चौतीस वर्षांचा. पण तिने वही उघडली आणि अडतीस लिहिलं. तिने काट्यावर विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही. तिने बापावर ठेवला. काकांना ते कळलं, आणि खरं सांगायचं तर परतीच्या वाटेवर गाडीत त्यांचा डावा खांदाही थोडा वर आला होता.

पुढचा रस्ता ठरलाच होता. जोर कमी पडतोय, तर तोटीचं भोक बारीक करायचं. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात उडते, तसंच. भोक बारीक केलं की आतला दाब वाढतो, दाब वाढला की जोर वाढतो. आणि फार वाढला की इंजिनाची नळी आपलं नळीपण विसरते. कुठवर वाढवलेलं चालेल याचा हिशेब ठिणगीने केला. गेज वाढवून सांगतो असं धरून, काकांचा अडतीस खरा मानून. लेथमास्तरांनी त्याप्रमाणे नवी तोटी कातली. बाण उडवायचं मैदान मंडळाला वर्षातून एकच दिवस मिळे, आणि तो दिवस आता तीन आठवड्यांवर होता. इंजिनाची नळी एकच होती. लेथमास्तरांना ती कातायला पावणेदोन महिने लागले होते.

दुसऱ्या चाचणीचा रविवार उजाडला. मागच्या वेळी खाणीत बुडबुड्यांनी वेळ खाल्ला होता, म्हणून ठिणगीने या वेळी ते काम आदल्या दिवशी शेडमध्येच उरकलं होतं. इंजिनाचं बूच पाटावर बसवून, तांब्याची नळी जोडून, तेल भरून, जोडावर लाल लाखेचा ठिपकाही देऊन ठेवला होता. इंधनाची नळी तेवढी खाणीत गेल्यावर त्या बुचावर चढवायची. जाताना तिने बापाला बजावलं होतं, या जोडाला कोणी हात लावायचा नाही. कोणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

काका सकाळी शेडमध्ये आले आणि पंचाईतीत पडले. एक नियम सांगत होता, पाटावर काही नको. लेक सांगत होती, हात लावू नका. सदतीस वर्षांत कोणाचं ऐकलं नव्हतं, पण लाखेचा तो ठिपका लेकीच्या नजरेसारखा वाटत होता. शेवटी त्यांनी नळी तशीच राहू दिली, तिच्या आजूबाजूनं फडकं फिरवलं, स्वतःवरच जरा चिडून, आणि वीस किलोचं वजन बुचावर ठेवलं.

काटा अठराच्या जरासा पुढे गेला आणि थांबला.

काकांनी चष्मा पुसला. तबकडीची काच पुसली. वजन उचललं, ते पुसलं, पुन्हा ठेवलं. अठरा आणि वर एक कण. दहा किलोचं ठेवलं, तर नऊ. मग त्यांनी हळूच बोटाने तांब्याच्या त्या नळीला दाबलं, आणि काटा हलला.

एवढंच. ती ताठ नळी एका बाजूला पाटाला आणि दुसऱ्या बाजूला घोड्याच्या पायाला घट्ट बांधलेली होती. पाट दबायला लागला, की नळी खालून टेकू द्यायची, दहातला एक भाग स्वतःच्या खांद्यावर घ्यायची, आणि काट्याला कळूही द्यायची नाही. मेहुण्याने निदान नट मुद्दाम चिकटवला होता. इथे काकांनी पासंग डोळ्यांसमोर ठेवून, त्याला तपासणीच्या वेळी शिस्तीत बाजूला काढून, आणि मोजायच्या वेळी परत जोडून, सगळ्यांच्या साक्षीने खोटं वजन केलं होतं. ज्याला कचरा म्हणून काढलं, तोच तर मापात बसला होता.

म्हणजे अडतीस म्हणजे बेचाळीसच. म्हणजे गेज खरा. म्हणजे लेक खरी. आणि बारीक भोकाची तोटी, काकांच्या शब्दावर कातलेली, कागदात गुंडाळून लेथमास्तरांच्या गाडीत खाणीकडे निघायच्या तयारीत होती.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका वजनाच्या पेटीवर बसले होते. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, कारण गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी तिच्यापासून लपवलेली एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे वाण्याकडे साखर का विसरतो ते. मग ते म्हणाले की, तसा इलाज सोपा आहे. मी सांगतो, आज एकदा जुनीच तोटी लावून बघू, खात्री म्हणून. कोणी नाही म्हणणार नाही. आणि नंतर तांब्याची नळी जोडलेली ठेवून तबकडीवर नव्या रेघा ओढतो. कोणाचं नुकसान नाही. उगाच काट्याचा नायटा कशाला?

काकूंनी चहाचा कप पाटावरच्या दहा किलोच्या वजनावर ठेवला. काटा किंचित पुढे गेला. दोघांनीही तो जाताना पाहिला.

"माझ्या भावाने तुम्हाला आत बोलावून हेच सांगितलं होतं ना?" काकू म्हणाल्या. "उद्या नट काढतो, फुली तेवढी नको, लोक बघतायत. तुम्ही त्याला काय म्हणाला होतात?"

काय म्हणाले होते ते दोघांना पाठ होतं. ज्यांच्यासमोर काटा चुकला, त्यांच्यासमोरच फुली.

"खडू तुमच्या जुन्या कोटाच्या खिशात आहे," एवढं सांगून काकू कप घेऊन गेल्या. चहा अजून अर्धा होता.

नऊच्या सुमाराला गाडी दाराशी लागली. घोडा उचलायला तिघं शेडमध्ये आली: ठिणगी, लेथमास्तर आणि दंतवैद्य. दंतवैद्य आत शिरता शिरता म्हणत होते की आता घोडामैदान जवळच आहे. काका उभे राहिले. त्यांनी वीस किलोचं वजन ठेवलं, तिघांना काटा बघू दिला, मग नळीवर बोट ठेवून तो हलवून दाखवला. मग खिशातून लाल खडू काढला आणि चार महिने स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, फुली मारली.

"काटा नापास," ते म्हणाले. "तपासणाराही."

लेथमास्तर गाडीपाशी गेले, कागदात गुंडाळलेली नवी तोटी घेऊन आले आणि ती हळूच काकांच्या पेटीवर ठेवली, मेलेली पाल ठेवावी तशी. ठिणगीने वही काढली. या वेळी गेज खरा धरून तिने तोच हिशेब पुन्हा केला. तिची पेन्सिल एका ठिकाणी थांबली, तिथे तिने दोनदा रेघ मारली, आणि वही मिटून टाकली.

"इंजिनाची नळी फाटली असती, बाबा."

"हो."

"आम्ही भिंतीमागे असतो. आम्हाला काही झालं नसतं."

"हो. पण नळी गेली असती. आणि तुला वाटलं असतं, तुझं इंजिन वाईट."

ठिणगीने मान खाली घातली. खरं म्हणजे इथेच घोडं पेंड खात होतं. नळी पुन्हा कातता आली असती. मैदान पुढच्या वर्षी मिळालं असतं. पण एकदा जिचं इंजिन फुटलं त्या बाईला पुढची दहा वर्षं आपल्या हिशेबावर भरवसा ठेवता आला नसता, आणि चूक कुणाची होती हे त्या तुकड्यांतून कधीच कळलं नसतं.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर?" तिने विचारलं.

"मनात आलं होतं," काका म्हणाले. "तुझ्या आईने आलेलं हाकललं."

दंतवैद्यांनी घसा खाकरला. त्यांना अशा वेळी काहीतरी धीराचं बोलायची सवय होती. ते म्हणाले की वेळेवर कळलं हे उत्तम झालं, बऱ्याचदा कीड मुळापर्यंत गेल्यावरच कळते. लेथमास्तर म्हणाले, डॉक्टर, घोड्याचा तो पाय धरा.

खाणीत सगळं पहिल्यापासून झालं. तबकडीवर फुली तशीच होती. काकांनी ती पुसू दिली नाही. नळी जोडलेली, तेल भरलेलं, बूच जागेवर, जसं आग लागताना असणार अगदी तसं ठेवून त्यांनी एकेक वजन चढवलं आणि खडूच्या रेघांमधून वाट काढत नव्या खुणा केल्या. प्रत्येक खुणेला लेथमास्तर आकडा मोठ्याने वाचत आणि ठिणगी वहीत लिहून घेई. पारडं पुसायचं म्हणजे वजन करताना जे नसणार ते काढायचं. जे असणार ते राहू द्यायचं. ही साधी गोष्ट सदतीस वर्षांनंतर, एका दगडाच्या खड्ड्यात, गुडघे टेकून शिकावी लागली याचं काकांना वाईट वाटत होतं की गंमत, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगणं कठीण होतं. एकोणिसावं वजन चढवताना ते स्वतःशीच म्हणाले, "किती जणांचे काटे मी असे पुसून खरे केले असतील." लेथमास्तरांनी ते ऐकलं आणि एकोणीस असं जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

मग जुनी तोटी लावली. सगळे पोत्यांच्या भिंतीमागे गेले. ठिणगीने बटण दाबलं. पारव्यांनी या वेळी आवाज व्हायच्या आधीच खाण सोडली होती, शहाणे होते. तीन सेकंद. मोबाइलमध्ये बघितलं तेव्हा काटा लाल खडूच्या दोन रेघा ओलांडून बेचाळिसाच्या खुणेवर गेला होता, जरासा पुढेच. गेजने तेच सांगितलं होतं. ते त्याने मागच्या वेळीही सांगितलं होतं.

दंतवैद्य नव्या आकड्याने एवढे खूश झाले की त्यांनी लेथमास्तरांना मिठी मारली, आणि लेथमास्तरांच्या चेहऱ्यावर दात काढून घेताना येतो तसा भाव आला. ठिणगी रुमाल घेऊन तबकडीपाशी आली आणि बापाला म्हणाली, पुसा आता ती फुली.

काका म्हणाले, मला चालत नाही. ज्याचा काटा त्याने फुली पुसायची नसते. ती दुसऱ्या तपासनिसाने पुसायची, आणि तेही तपासून.

ठिणगीने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने रुमाल खांद्यावर टाकला, निवलेली इंजिनाची नळी बुचावरून उतरवली, काकांच्या पेटीतून वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं, एका बाजूला झुकत आणलं आणि ठेवलं. काटा विसाच्या नव्या खुणेवर जाऊन उभा राहिला. तिने मान किंचित तिरकी केली, काट्याच्या नजरेला नजर भिडवली. ती लकब कुठून आली हे सांगायला नको. मग फुलीची एक रेघ तिने पुसून काढली. दुसरी तशीच ठेवली.

"ही का?" काकांनी विचारलं.

"ही गेजची," ठिणगी म्हणाली. "तो चौघांसमोर खरं बोलला, आणि तुम्ही त्याला बाजारातला म्हणालात. ज्यांच्यासमोर चूक, त्यांच्यासमोरच."

काकांनी मागे वळून पाहिलं. दंतवैद्य होते, लेथमास्तर होते, खड्डे खणायच्या वेळी कधी न दिसलेले दोन सभासदही आज नेमके हजर होते. सुटका नव्हती. सदतीस वर्षं ज्यांनी कोणाच्या दुकानात मान खाली घातली नव्हती, ते काटेकाका घोड्याच्या पायापाशी वाकले, त्या दुकानातून आणलेल्या, काचेवर बोटांचे ठसे उमटलेल्या गेजसमोर आले, आणि या वेळी टिचकी न मारता, आपल्या रुमालाने त्याची काच पुसली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तू ओळखीचा नव्हतास ना."

मागे रुमालाचा आवाज झाला. ठिणगी दुसरी रेघ पुसत होती.